यंत्रांची नोंदवही कोणाच्या ताब्यात?

सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची देशभर पाहणी झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रे नादुरुस्त आढळली. त्यातूनच २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देखभालीचा कार्यक्रम आखला. पण यंत्र बंद पडते ते दर वेळी मोठ्या बिघाडाने नव्हे. अनेकदा व्हेंटिलेटरचा फिल्टर कधी बदलला, वॉरंटी कधी संपली, मागच्या वेळी कोणता सुटा भाग बसवला, हे कोणालाच ठाऊक नसते. ही माहिती देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकली, तर कंत्राट संपताच यंत्राचा इतिहासही हातून जाऊ शकतो. म्हणून सार्वजनिक यंत्रांची नोंद मुक्तस्रोत प्रणालीतच हवी. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये देखभालीचे वेळापत्रक, दुरुस्तीची नोंद, यंत्राचा घसारा हे सारे आहे; परवाना शुल्क नाही, कोड खुला आहे.

‘फुकटचे सॉफ्टवेअर, अडले तर विचारायचे कोणाला?’ हा आक्षेप रास्त आहे. सर्व्हर, प्रशिक्षण, मराठीकरण यांना पैसे लागतातच. फरक इतकाच, की सेवा देणारा नको झाला तर बदलता येतो. माहिती आपल्याकडेच राहते. नोंदच कोणी केली नाही तर कोणतेही सॉफ्टवेअर निरुपयोगी, हेही खरे. पण तो दोष कंत्राटदाराच्या आणि मुक्तस्रोत अशा दोन्ही प्रणालींत सारखाच. मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने देखभालीच्या पुढच्या निविदेत निदान एवढी अट घालावी: नोंदींची मालकी दवाखान्याची.