पिसं खाणाऱ्याला गिऱ्हाईक नाही

या आठवड्यात पुन्हा तीच बातमी. गरम पाण्याच्या झऱ्यात कोंबडीची पिसं फस्त करणारा जीवाणू सापडला. आता पोल्ट्रीच्या कचऱ्याचा प्रश्न सुटणार, शेतकऱ्याला खत मिळणार, चामड्याच्या कारखान्यांचं प्रदूषण थांबणार. झऱ्याचं आणि संशोधन करणाऱ्या विभागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दोष त्यांचा एकट्याचा नाही. काही वाचकांनी कात्रण धाडून ‘आता काय म्हणता?’ असं विचारलंय. मागच्या पावसाळ्यात म्हणत होतो तेच. जीवाणू खरा आहे, बातमी खोटी नाही, आणि तरीही घाटातल्या वळणावर फेकलेली पिसांची पोती जागची हलणार नाहीत.

मुळात पीस खाणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पिसातलं केरॅटिन हे प्रथिन आपल्या पोटात गेलं तर जसंच्या तसं बाहेर पडतं. त्याच्या साखळ्या गंधकाच्या जोड्यांनी एकमेकींना गोधडीच्या टाक्यांसारख्या बांधलेल्या असतात. नुसती कात्री चालवून भागत नाही, आधी टाके उसवावे लागतात. जिवंत जीवाणू ही दोन्ही कामं करतो म्हणून अख्खं पीस संपवतो, पण त्याचं एन्झाइम वेगळं काढून बाटलीत भरलं की ते बऱ्याचदा अर्ध्यावर थांबतं. हे वाक्य बातमीत कधीच नसतं.

या मंडळींतला माझा लाडका गडी अझोर्स बेटांवरचा. अटलांटिक महासागरात पोर्तुगालची ही ज्वालामुखीची बेटं. त्यातल्या साओ मिगेलवर फुर्नासच्या तळ्याकाठी लोक मांस आणि भाज्या भरलेली पातेली गरम जमिनीत पुरतात आणि काही तासांनी जेवण वर काढतात. याच बेटावरच्या ऊन झऱ्यातला जीवाणू हॅम्बुर्गच्या फ्रीडरिश आणि अँट्रानिकियान या संशोधकांनी १९९६मध्ये जगापुढे आणला. नाव फर्व्हिडोबॅक्टेरियम पेनिव्होरान्स, म्हणजे पीसखाऊच. ७० अंशांवर बंद बाटलीत पीस घालून ठेवलं की आधी कडेचे मऊ तंतू विरतात, पाणी गढूळ होतं, मधली दांडी चिवटपणे तग धरते आणि मग तीही जाते. दोन दिवसांत काम फत्ते. एवढ्या उष्णतेत प्रथिनाची वीण सैल पडते, आणि आपले नेहमीचे जीवाणू शिजून मरतात, त्यामुळे ताटात वाटेकरी नाही. फक्त या पठ्ठ्याला प्राणवायू चालत नाही.

आता याच्याशेजारी जपानचा भाऊ बसवून पाहा. कोबे शहराजवळच्या अरिमाच्या झऱ्यांची ख्याती शतकानुशतकांची. लोखंडाने तांबूस झालेल्या तिथल्या पाण्यात हिदेयोशीसारखे सत्ताधीश डुंबले. तिथल्या जीवाणूतून १९६२मध्ये थर्मोलायसिन हे एन्झाइम हाती आलं. तेही प्रथिनं कापणारंच. मधोमध जस्ताचा एक अणू कापायचं काम करतो, कॅल्शियमचे चार अणू सांगाडा धरून ठेवतात, आणि म्हणून ८० अंशांवर तासभर ठेवलं तरी त्याची निम्मी ताकद शाबूत राहते. ते सापडलं तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. पुढे १९६५मध्ये अमेरिकेत जेम्स श्लॅटर या रसायनतज्ज्ञाने अल्सरच्या औषधावर काम करताना बोट चाटलं आणि अ‍ॅस्पार्टेम सापडलं, साखरेच्या सुमारे दोनशेपट गोड. दोन अमिनो आम्लं जोडली की झालं. पण ती रसायनांनी जोडायला गेलं तर थोडी जोडणी भलत्या टोकाला होते, आणि तो माल चक्क कडू. एका जपानी कंपनीच्या लक्षात आलं की थर्मोलायसिन उलटं चालवता येतं. तयार झालेला माल गाळाच्या रूपात खाली बसत गेला, की कापणारं एन्झाइम जोडत सुटतं. शिवाय ते नेमक्या टोकालाच जोडतं, आणि अमिनो आम्लाच्या डाव्या-उजव्या रूपांच्या मिसळीतून हवं तेच रूप उचलतं. कडू माल नाही, महागडी निवड नाही. नेदरलँड्समध्ये गेलीनला त्यावर कारखाना उभा राहिला, आणि भाव पडल्यावर २००६मध्ये बंदही झाला. पण मधली दोन दशकं ऊन झऱ्यातल्या त्या कात्रीने डाएट कोलाची गोडी विणली.

दोघेही झऱ्यातलेच, दोघेही प्रथिनं तोडणारे, दोघेही उष्णतेला पुरून उरणारे. हुशारीत तर पीसखाऊ कांकणभर सरस. मग एकाला कारखाना आणि दुसऱ्याला प्रयोगशाळेतला फ्रीज का? अरिमाच्या एन्झाइमचा माल चिमूटभर विकला तरी पैसे येत होते, आणि त्याचा प्रतिस्पर्धी कडू होता. पीसखाऊचा प्रतिस्पर्धी फुकट आहे. पोतं घाटात ढकललं की खर्च शून्य. जो इमानदार आहे तो पिसं दाबाच्या वाफेत शिजवून, दळून फेदर मील करतो. त्यात लायसीनसारखी कामाची अमिनो आम्लं मार खातात, पण भाव परवडतो. पाण्याने आणि रक्ताने जड झालेली ओली पिसं गाडीने आणायची, टाकीभर पाणी ७० अंशांवर दोन दिवस राखायचं, वरून प्राणवायूही आत येऊ द्यायचा नाही, आणि शेवटी विकायचं काय? कोंबडीचं खाद्य. साखर न खाता गोड लागावं म्हणून माणूस पैसे मोजतो. शेजाऱ्याच्या नाकाला वास येऊ नये म्हणून मोजत नाही.

माझा जुना संशय आहे की या विषयावरच्या सगळ्या शोधनिबंधांचा शेवटचा परिच्छेद देशात एकच माणूस बसून लिहितो. ‘औद्योगिक उपयोगाची मोठी क्षमता’ हे शब्द त्याला पाठ आहेत. पुरावा मागू नका, परिच्छेद वाचा. उन्हवरे, तुरळ, राजवाडी, वज्रेश्वरी अशी आपल्याकडे ऊन पाण्याची ददात नाही, म्हणजे परिच्छेदांचीही नाही. पुढच्या वेळी बातमी देणाऱ्यांनी पिसाचे आधीचे-नंतरचे फोटो देऊ नयेत. एक टन ओली पिसं संपवायला जळण किती लागलं आणि तेवढं फेदर मील बाजारात कितीला मिळतं, एवढंच छापावं.

जाता जाता, एका वाचकाने काळजीने विचारलंय की अशा झऱ्याच्या कुंडात आंघोळ केली तर हे जीवाणू डोक्यावरचे केस खातील का. अझोर्सचा पीसखाऊ ५० अंशांखाली वाढत नाही आणि उघड्या हवेत टिकत नाही. ५० अंशांच्या कुंडात तुम्ही उतरलातच, तर केसांची काळजी नंतर करा.