प्रधानाची किकरी आणि जर्नलचं कुलूप

साप्ताहिक स्तंभ : वाचनाचा हक्क

राजगोंड आदिवासींच्या कुळकथा गायचा मान त्यांच्या भाटांचा, म्हणजे प्रधानांचा. किकरी या तंतुवाद्याच्या सुरावर प्रधान गातो आणि यजमान आपल्याच पूर्वजांची गोष्ट ऐकतो. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आजच्या तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाई गावी राहिले. त्यांनी या कथा टिपल्या आणि १९४८ मध्ये 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' प्रसिद्ध झालं. या जिल्ह्यावर पुढेही बरंच लिहिलं गेलं. ते वाचायला कोणाला मिळतं, हा प्रश्न आहे.

याच जिल्ह्यातल्या उटनूरच्या एखाद्या शिक्षकानं गोंडीवरचा इंग्रजी शोधलेख शोधला, तर अनेकदा सारांशाखाली किंमत दिसते : तीस-चाळीस डॉलर. त्यातला छदामही सहसा लेखकाला मिळत नाही, लेख तपासणाऱ्यालाही नाही. ज्याच्या ओसरीवर बसून माहिती घेतली, त्याचं तर नावच नको.

यावर पहिला मार्ग म्हणून केंद्र सरकारनं 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही योजना आणली. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी महाविद्यालयांतल्या मुलांची सोय झाली, हे चांगलंच. पण ही शेवटी वर्गणी आहे. खासगी महाविद्यालय, गावातला शिक्षक, स्वतः प्रधान, सगळे दाराबाहेरच.

दुसरा मार्ग लेखकाकडून शुल्क घेऊन लेख खुला करण्याचा. त्यात वाचकाचं दार उघडतं आणि गरीब संशोधकाचं बंद होतं.

तिसरा मार्ग आपल्याकडे कागदावर आहेच. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांचं २०१४ चं धोरण सांगतं की, त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकृत लेख खुल्या भांडारात ठेवावा. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर कोणीही फुकट वाचतो. मग त्याच प्रबंधातून निघालेला लेख कुलपात का? जनतेच्या पैशातल्या प्रत्येक लेखाला, मग तो गोंडी कथांवरचा का असेना, हा नियम सक्तीनं लावा. सोबत, ज्या गावातून माहिती घेतली त्या गावाला मराठीत किंवा गोंडीत दोन पानांचा सारांश द्या.

हायमेनडॉर्फ यांचं १९८२ चं 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनं जालावर खुलं ठेवलंय. मार्लवाईचा मुलगा ते फोनवर वाचू शकतो. चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडं आणि गेल्या महिन्यातला लेख बंद, हा उलटा न्याय आपण किती दिवस चालवणार?