बांधावरच्या गप्पा : बटाट्याचा करपा आणि तात्यांची कूपनं



मागच्या पावसाळ्यात सातगाव पठारावर एका शेतकऱ्याच्या बटाट्याच्या प्लॉटवर गेलो होतो. आठ दिवस ढग हटले नव्हते, सकाळी दहापर्यंत धुकं. पानांच्या कडेला काळपट, पाणी लागल्यासारखे डाग दिसत होते. पान उलटं करून बघितलं तर खाली पांढुरकी लव. हा उशिरा येणारा करपा. तुम्हांला तो नवा नाही.

फवारणीचं सांगून झालं आणि चहा पिता पिता मी सहज म्हणालो, "याच करप्यानं एकदा एक अख्खा देश रिकामा केला होता." घरच्या आजीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग ती माणसं गेली कुठं?"

त्या प्रश्नाला मी तिथं दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सविस्तर सांगतो.

इंग्लंडच्या शेजारी आयर्लंड नावाचं बेट आहे. पाऊस भरपूर, हवा थंड, आपल्या भीमाशंकरच्या अंगाला असते तशी ओलसर. तिथली बहुतेक जमीन मोठ्या जमीनदारांची होती आणि गरीब शेतकरी खंडानं ती कसत. धान्य पिकवायचं ते खंड भरण्यासाठी, आणि स्वतःच्या पोटाला बटाटा. थोड्या जागेत पोटभर पीक देणारं दुसरं काही नव्हतं. त्यातही लाखो लोक लंपर नावाच्या एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते.

१८४५ साली करपा आला. पीक उभ्या उभ्या काळं पडलं, जमिनीतले बटाटे सडून वास सुटला. १८४६ साली तर जवळजवळ सगळं पीक गेलं. त्या वेळी रोगाचं कारणच कुणाला नीट माहीत नव्हतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे आज आपले नारायणगावकडचे द्राक्षवाले हातखंडा बनवतात, ते शोधून निघायला अजून चाळीस वर्षं होती. खंड थकला की जमीनदार माणसं लावून कुळाच्या घराचं छप्पर उतरवीत. आणि या काळातही देशाबाहेर धान्य जात होतंच. उपासमार आणि तापानं दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ साली त्या देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती, दहा वर्षांनी ती पासष्ट लाखांवर आली.

तर आजीबाई, ती माणसं गेली अमेरिकेला. न्यूयॉर्क आणि बोस्टन या शहरांत.

त्यांतल्या एकाच घरची गोष्ट सांगतो. वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्सटाउन या गावचा पॅट्रिक केनेडी नावाचा शेतकऱ्याचा पोरगा १८४९ च्या सुमारास बोस्टनला उतरला. लाकडी पिंपं बनवण्याचं काम करू लागला. लग्न केलं, मुलं झाली. १८५८ साली तो वारला. मागं बायको ब्रिजेट, तीन मुली आणि काही महिन्यांचा मुलगा. त्या बाईनं छोटं दुकान घातलं आणि पोरं वाढवली. तो धाकटा मुलगा आधी गोदीत राबला, मग दारूचा गुत्ता काढला, मग राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. त्याचा मुलगा मोठा धनिक झाला. आणि त्या धनिकाचा मुलगा जॉन केनेडी १९६१ साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

१९६३ च्या जून महिन्यात हा अध्यक्ष आयर्लंडला गेला, तेव्हा डंगन्सटाउनच्या त्या घरीही गेला. चुलतघराण्यातली माणसं तिथं अजून शेती करत होती. त्यांनी अंगणात चहा दिला. त्यानंतर पाच महिन्यांनी त्याची हत्या झाली. पण एकशे दहा-पंधरा वर्षांनंतरसुद्धा त्या घराला ठाऊक होतं की आपला कोण, कधी, कुठं गेला. मला या गोष्टीत अध्यक्षपदापेक्षा त्या अंगणातल्या चहाचं जास्त वाटतं.

तुम्ही म्हणाल, साहेब, सातासमुद्रापलीकडचं आम्हांला काय सांगता? सांगतो, कारण आपलं न्यूयॉर्क म्हणजे मुंबई.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातलं असं घर दाखवा की ज्याचं एक माणूस मुंबईला गेलं नाही. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि पुढं गिरण्यांची रांगच लागली. भाताची खाचरं आणि नाचणी-वरईचे तुकडे यांवर चार भावांची पोटं भरेनात, मग एकानं घाट उतरायचा. आपल्या डिंभ्याकडची जुनी माणसं भीमाशंकरवरून शिडी घाटानं खांडसला उतरत आणि पुढं चालत रेल्वे गाठत. डोक्यावर वळकटी, फडक्यात भाकरी.

१८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी जेवणाचे डबे पोचवण्याचं काम संघटित केलं. पुढं मुंबईचा डबेवाला म्हणून जगभर नाव झालेली ती माणसं आपल्याच घाटमाथ्याची आणि मावळाची. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना मुद्दाम चर्चगेटला येऊन भेटले. आयरिश माणसांनी न्यूयॉर्कात गोदी, बांधकाम, रेल्वे धरली. आपल्या माणसांनी गिरणी, डबा आणि बाजारातली हमाली धरली. त्यांच्या मुली मोठ्या घरांत घरकामाला राहिल्या आणि पगार मायदेशी पाठवीत. आपल्या बायांनी गिरणगावात खाणावळी चालवल्या, दहा-दहा पंधरा-पंधरा माणसांना जेवू घातलं. त्याच बायांना एकत्र करून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणं, गावाच्या नावाचं मंडळ, एकमेकांच्या ओळखीनं नोकरी लावणं, आणि दर महिन्याला घरी पैसे. दोन्हीकडं रीत एकच.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. दुसऱ्याची सांगितली तर तुम्ही नाव विचाराल.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, थोरले. त्यांचे धाकटे भाऊ तात्या. १९६३ साली तात्या एकोणीस वर्षांचे असताना लालबागेतल्या एका गिरणीत लागले. आण्णांनी शेत बघायचं, तात्यांनी पैसा पाठवायचा, असं आजोबांनी ठरवून दिलं. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर फोडली ती तात्यांच्या पैशानं. दर दिवाळीला ते यायचे तेव्हा आमच्यासाठी गिरणीच्या कापडाचे तुकडे आणायचे. माझी शाळेतली सगळी खाकी चड्डी-सदरे त्याच कापडाचे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिना गेला, सहा महिने गेले. तात्या काकूंना आणि दोन पोरांना घेऊन गावी आले. काकू आमच्या आईबरोबर भाताच्या लावणीला उतरल्या. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरात सात ताटांची अकरा झाली आणि भाकरी मोजून वाढली जाऊ लागली, एवढं मला कळत होतं.

दिवाळीत तात्यांनी वाटणीचा विषय काढला. आण्णा म्हणाले, "वीस वर्षं शेत मी राखलं. तू मुंबईची हवा खाल्लीस." तात्या एवढंच म्हणाले, "दादा, हवा खाऊन विहीर फुटत नाही." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस. टी. नं ते बिऱ्हाड घेऊन गेले. गिरणी पुन्हा सुरू झाली तरी त्यांना आत घेतलं नाही. मग ओळखीच्या एका गाववाल्यानं त्यांना डब्याच्या लाइनीवर लावलं. चाळिशीतल्या माणसानं डोक्यावर डब्यांची लाकडी पाटी घेऊन लोकलमध्ये चढायचं, हे मी पुढं एकदा मुंबईला गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

१९८६ साली आजोबा वारले. वारसाची वर्दी देताना आण्णांनी एकच नाव सांगितलं, स्वतःचं. कुणी विचारलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. तात्या दहाव्याला आले, नदीवर पिंड ठेवला, जेवले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. त्याच विहिरीच्या पाण्यावर पिकलेल्या पैशातून मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, बी. एस्सी. झालो. बांधाच्या आणि वाटणीच्या तंट्यांत इतरांना शहाणपण सांगू लागलो. स्वतःचा सातबारा मात्र कधी नीट वाचला नाही. तात्या २००३ साली वारले.

२०११ साली चुलतभावाचा फोन आला. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना आणि वारसांना घरं मिळणार होती. अर्जाला गिरणीत काम केल्याचा पुरावा लागत होता. चाळीतल्या पुरात त्यांचे कागद गेले होते. "दादा, गावच्या पेटीत काही असेल का बघा," एवढंच तो म्हणाला. जमिनीबद्दल अवाक्षर नाही.

आजीची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. तिच्यात गिरणीचं हजेरीचं तिकीट सापडलं, फंडाच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. आणि सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा. मनिऑर्डरची कूपनं. १९६३ पासून १९८१ च्या डिसेंबरपर्यंतची. आजीला अक्षर येत नव्हतं, पण तिनं एकही टाकलं नव्हतं. मागं तात्यांच्या हातच्या एकेक ओळी : विहिरीसाठी. बैलासाठी. आईच्या डोळ्यांसाठी. बाळाच्या पुस्तकांसाठी. तो बाळ म्हणजे मी.

मी बेरीज करायला बसलो. दोन वर्षांची केली आणि वही मिटली.

गठ्ठा आण्णांपुढं नेऊन ठेवला. ते तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी चष्मा लावून पाच-सहा कूपनं वाचली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराला बोलावून घे. नाव लाव." त्याच वर्षी नोंदणीकृत कागद करून निम्मं शेत चुलतभावाच्या नावावर झालं, विहीर सामाईक राहिली. तो शेत मलाच कसायला देतो आणि हिशोब दर यात्रेला होतो. मुंबईचं घर मात्र त्याला अजून लागलेलं नाही, सोडतीची वाट बघतोय. तात्यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. ती चूक आमच्या घराची, आणि ती आता कुठल्याही कागदानं दुरुस्त होणारी नाही.

आपल्या भागाला तर आणखी एक धडा मिळालेला आहे. डिंभे धरण झालं आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला त्याचं नाव राहिलं, कचेऱ्या घोडेगावला. वरच्या अंगाच्या महादेव कोळी बांधवांची घरं, खाचरं, हिरड्याची झाडं त्या पाण्यात आहेत. खाली कालव्याच्या पाण्यावर आपण ऊस घेतो तो याच पाण्यावर. जमीन गेली की घराण्याची आठवण ठेवायला उरतो तो फक्त कागद आणि सांगणारं तोंड. तोंडं तर एकेक करून मिटत चालली आहेत.

म्हणून या आठवड्यात चार कामं करा.

पहिलं, दोनशे पानी वही आणा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. कोण कुठं गेलं, कुठल्या साली, कुठल्या कामाला, कुणाच्या पैशानं काय झालं, ते लिहून काढा. बायकांना आवर्जून विचारा. कुठली विहीर कुठल्या दागिन्यावर झाली हे त्यांनाच पक्कं माहीत असतं.

दुसरं, जुना कागद चुलीत घालू नका. गिरणीचं तिकीट, फंडाची चिठ्ठी, मनिऑर्डरचं कूपन, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

तिसरं, घरात कुणी वारलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या आणि सगळी नावं सांगा. मुंबईच्या भावाचं सांगा, सासरी गेलेल्या बहिणीचंही सांगा. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. फेरफार झाला की सातबारा हातात घेऊन स्वतः वाचा.

चौथं बटाटेवाल्यांसाठी. अख्खं घर एका पिकावर आणि एका जातीवर ठेवू नका. बेणं निरोगी आणि खात्रीचं घ्या. ढगाळ हवा आणि धुकं दिसलं की डाग पडायची वाट न बघता दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब घेऊन फवारा. सरीत पाणी तुंबू देऊ नका. रोगट झाडं आणि सडके बटाटे बांधावर न फेकता खड्ड्यात पुरा. आयर्लंडच्या शेतकऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्याला आहे.

आणि ज्या आजीबाईंनी मला हा प्रश्न विचारला, त्यांचाही एक मुलगा मुंबईला आहे असं निघताना कळलं. तो कधी गेला, असं मी विचारलं तर त्यांनी साल सांगितलं नाही. म्हणाल्या, "तांबड्या गाईला पहिलं वासरू झालं, त्या वर्षी." हेसुद्धा वहीत लिहायचं. साल नातवंडं काढतील.

पुढच्या आठवड्यात कांद्याच्या रोपवाटिकेविषयी बोलू.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)