कार्डिफची खबरबात : लढवय्या, मांत्रिक की शाहीर?



'क्लास निवडायचाय' असं मुलांनी म्हटलं की आपल्या पिढीतल्या आईबापांच्या डोळ्यांपुढे दहावीचे क्लास, त्यांची फी आणि गणिताचे सर उभे राहतात. पण सध्या आपल्या ओळखीतल्या चार-पाच घरांत ज्या क्लासवरून खल चालू आहे, तो निराळाच आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळात आपण कोण व्हायचं, लढवय्या, मांत्रिक, चोर की आणखी कुणी, त्या भूमिकेच्या प्रकाराला क्लास म्हणतात. दोघीतिघींनी फोन करून विचारलं, "अहो, हे फाशांचं काय प्रकरण आहे? जुगार तर नाही ना? आणि पोराने त्यात नेमकं काय व्हावं?" म्हणून या वेळची खबरबात त्याच विषयावर.

आधी धास्ती घालवू. हा जुगार नाही. पैसे लावायचे नसतात, आणि कुणी जिंकत नाही की हरत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, "तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दरवाज्याशी उभे आहात. आत दिवा लुकलुकतोय. काय करता?" मग प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या वतीने बोलायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा, आणि ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते. लहानपणी 'मी मावळा, तू गनीम' खेळलेल्या माणसाला यात नवं काही वाटू नये. फरक एवढाच की इथे "मला लागलंच नाही!" म्हणून पळता येत नाही. लागलं की नाही ते फासा सांगतो.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या खेपेला हजारच प्रती काढल्या होत्या. त्यात तीनच क्लास होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. यातल्या धर्मगुरूची कथा मजेदार आहे. आर्नेसनच्या गटात एक खेळाडू रक्तपिपासू पिशाच्च होऊन बसला आणि कुणालाच आवरेना. त्याला अडवायला कुणीतरी हवं, म्हणून धर्मगुरू आला. चोर पुढच्याच वर्षी, १९७५ च्या पुरवणीत आला, कारण कुलपं उघडणारा आणि छुपे सापळे हुडकणारा हवा होता. म्हणजे बघा, गटात ज्याची उणीव भासली तो क्लास जन्माला आला. क्लास निवडतानाही हेच सूत्र धरलं तर पुष्कळसा घोळ मिटतो.

आज मुख्य पुस्तकात बारा क्लास आहेत. २०१४ च्या आवृत्तीत बारा होते, २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही बाराच. सगळे सांगत बसत नाही, ठळक तेवढे सांगते. लढवय्याला इंग्रजीत फायटर म्हणतात. तो दिवसभर तलवार चालवू शकतो आणि नवशिक्याला सगळ्यांत सोपा. बार्बेरियन म्हणजे अंगात आल्यावर कुणाला न ऐकणारा. धर्मगुरू देवाच्या कृपेने जखमी सोबत्यांना बरं करतो. चोराला हल्ली इंग्रजीत रोग म्हणतात, त्यामुळे एका घरी नातवाने "आजी, मी रोग झालो!" असं आनंदाने सांगितल्यावर आजींनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

जादू करणाऱ्यांतले तीन प्रकार आपल्याकडच्या माणसाला चटकन कळावेत. विझर्डने ग्रंथ घोकून विद्या मिळवलेली असते. सॉर्सररला ती उपजत असते. वॉरलॉकला कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून मिळालेली असते. थोडक्यात अभ्यास, आनुवंशिकता आणि वशिला!

आता आपण आईबाप काय सल्ला देतो? "विझर्ड हो. हुशारीचं काम आहे." जणू तिथूनही मेडिकलला प्रवेश मिळणार आहे. पण नियम बघा. जीव किती चिवट, हे ज्या फाशावरून ठरतं तो बार्बेरियनचा बारा बाजूंचा, लढवय्याचा दहाचा आणि विझर्डचा सहाचा. पहिल्या पायरीवर विझर्डजवळ मोठे मंत्र दोनच वेळा म्हणण्याइतकी शक्ती असते. ते संपले की विश्रांती मिळेपर्यंत किरकोळ मंत्रांवर भागवायचं. पुढे तो भारी होतो हे खरं, पण तोवर त्याला जपायला पुढे दुसरं कुणी उभं लागतं. एकट्याच्या जिवावर चालणारा क्लास यात नाहीच.

आणि इथे आपल्या वेल्सचा संबंध येतो. बारांपैकी दोन क्लास म्हणजे बार्ड आणि ड्रुइड. बार्ड म्हणजे आपला शाहीर किंवा भाट. गाण्याने सोबत्यांना हुरूप आणणारा, बोलून दरवाजे उघडणारा. तो या खेळात १९७६ साली आला आणि १९७८ च्या पुस्तकात त्याची वाट फार खडतर होती. आधी लढवय्या व्हायचं, मग चोर, आणि त्यानंतर ड्रुइडांच्या हाताखाली शिकून बार्ड!

बार्ड आणि ड्रुइड या दोन्ही नावांचा आपल्या गावात चक्क पुरावा आहे. नॅशनल म्युझियमसमोरच्या गोर्सेद गार्डन्समधलं दगडांचं वर्तुळ आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलं त्यावर चढतातही. ते १८९९ च्या कार्डिफच्या राष्ट्रीय आयस्टेडफॉडसाठी उभारलेलं. बार्डांच्या या मेळ्याची, म्हणजे गोर्सेदची, कल्पना काढली ती जवळच्या लॅनकारव्हनला जन्मलेल्या एडवर्ड विल्यम्स या पाथरवटाने. कवी म्हणून त्याने नाव घेतलं इओलो मॉर्गानुग. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर खडे मांडून त्याने पहिला मेळा भरवला आणि ही प्रथा प्राचीन ड्रुइडांची असल्याचं सांगितलं. त्यातलं बरंचसं त्याने स्वतःच रचलेलं होतं, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. पण लोकांनी ते मनापासून आपलंसं केलं. २०१८ साली कार्डिफ बेला आयस्टेडफॉड झालं, तेव्हाही झगे घातलेली गोर्सेदची मंडळी होतीच. आवडीने घेतलेली भूमिका माणसाला आणि त्याच्या भाषेला कुठवर नेते, याचं याहून जवळचं उदाहरण नाही.

आपल्याच मंडळातल्या एका घरचं सांगते. मुलगा तेरा वर्षांचा, शाळेत 'हुशार पण गप्प' म्हणून ठरून गेलेला. वडिलांचं मत अर्थातच विझर्ड. पण गटात दोन लढवय्ये, एक विझर्ड आणि एक धर्मगुरू आधीच होते. बोलणारं कुणीच नव्हतं. त्याने बार्ड घेतला. आता बार्डाला एक मंत्र असतो, शत्रूला असं झोंबरं बोलायचं की त्याला खरोखर इजा व्हावी. दोन आठवड्यांत याचे इंग्रजी टोमणे संपले. मग त्याने साताऱ्याला आजोबांना फोन लावला. एरवी त्यांचं बोलणं "हो आजोबा, बरा आहे आजोबा, आईला देतो" एवढंच. आजोबा निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, "शिव्या देणार नाही. शेलकी विशेषणं देतो." तेव्हापासून दर गुरुवारी फोन असतो. राक्षसांचा भित्रा सरदार 'शेंदाड शिपाई' झाला, दुष्ट मांत्रिक 'उंटावरचा शहाणा'. सूत्रधार वेल्श मुलगा आहे. त्याने अट घातली की अर्थ समजावून सांगितल्याशिवाय मंत्र लागू नाही. त्यामुळे उंटावरच्या शहाण्याने शेळ्या कशा हाकल्या, हे सगळ्या टेबलाला सांगावं लागलं. त्याची मराठी सुधारली असं मी म्हणणार नाही, 'ळ' चा अजून 'ल'च होतो. पण आजोबा आता गुरुवारी दुपारी झोपत नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरी निवड व्हायची आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, आधी विचारा की बाकीच्यांनी काय घेतलंय, आणि काय उणं आहे ते पाहा. मात्र कुणालाच नको म्हणून धर्मगुरूपद धाकट्याच्या गळ्यात मारू नका, पाणी आणायला पाठवतात तसं. दुसरी, तीन तास काय करायला आवडेल ते बघा. नियम आणि याद्या वाचायला आवडत असतील तर विझर्ड जरूर घ्यावा. नुसता फासा टाकून धडक मारायची असेल तर लढवय्या बरा. तिसरी, चार बैठकांत मन रमलं नाही तर सूत्रधाराशी बोलावं, जुन्या पात्राला काशीयात्रेला पाठवावं आणि नवं घ्यावं. खर्चही मोठा नाही. प्राथमिक नियम कंपनी फुकट देते, सात फाशांचा एक संच घेतला की सुरुवात होते.

आणि आईबापांसाठी एकच. इथे नववीत मुलांना जीसीएसईचे विषय निवडावे लागतात, आणि तिथे आपण बोलणारच, गप्प बसणं आपल्या रक्तात नाही. निदान या टेबलावरची निवड त्यांची त्यांना करू द्या. चुकली तर एखादा कागदावरचा वीर मरेल, एवढंच ना?

तुमच्याकडे कोण काय झालं ते जरूर कळवा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडची शेलकी विशेषणं पाठवा, पुढच्या अंकात यादी देऊ. आमच्या शाहिराला साठा कमी पडतोय.

कळावे, लोभ असावा.