कवळीची पावती जपून ठेवा

गारगोटीच्या बाजाराला आलेला म्हातारा दाताच्या दवाखान्यात जातो, रोख पैसे मोजतो आणि पावती न घेताच एस.टी. धरतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग पावती कशाला? पण मुलगा शिक्षक वा ग्रामसेवक असेल आणि आईबापाच्या दातांचा खर्च तोच करीत असेल, तर हिशेब बदलतो. साठी ओलांडलेल्या आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नसेल, तर त्यांच्या उपचारावरचा वर्षाला ५० हजारांपर्यंतचा खर्च मुलाच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ही सोय केली.

मेख पुढेच आहे. रोखीचा खर्च धरला जात नाही. पैसे मुलाच्या खात्यातून, चेकने वा मोबाईलवरून गेले पाहिजेत. ही अट खेड्याला जाचकच, म्हाताऱ्याच्या बंडीत नोटच असते! शिवाय २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागते, तीत ही सवलत नाही. जुनी फायद्याची ठरते का, हे मांडून पाहावे आणि ठरत असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे. "गेल्या साली कवळी बसवली, यंदा दाखवू" हे चालत नाही.

ग्रामपंचायतींनी एवढे तरी फलकावर लिहावे.