एवढासा शिपाई, केवढा इतिहास!

बालमित्रांनो, दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडता ना? इंग्लंडात मोठी माणसंसुद्धा असेच शिपाई टेबलावर मांडून फाशांनी लढाया खेळतात, बरं का! लेखक एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली अशा खेळावर पुस्तकच लिहिलं.

शिपाई असतो जेमतेम २८ मिलिमीटरचा. आधी अस्तराचा हात, मग गणवेशाचा रंग. घड्यांमध्ये पातळ गडद रंग सोडायचा. उंचवट्यांवर फिक्या रंगाचा, जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा. की झाला शिपाई जिवंत!

पण रंग मनाचे द्यायचे नाहीत हं! का? १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध इंग्रज, प्रशियन आणि जर्मनीतल्या नासाऊचे सैनिक एका बाजूने लढत होते. संध्याकाळी मदतीला आलेल्या प्रशियनांना नासाऊचे सैनिक गणवेशावरून फ्रेंच वाटले. त्यांनी आपल्याच मित्रांवर गोळ्या झाडल्या!

म्हणून ही मंडळी आधी पुस्तकं चाळतात. कोट कुठला, कॉलर कुठली, टोपी कशी, सगळं पाहतात. तुम्हीही शिपाई रंगवताना आधी शोधा, हा कुणाच्या बाजूचा? मगच ब्रश उचला!