चाक थांबले, तारीख थांबत नाही



आमच्या तालुक्यातील एका बचत गटाचा जमाखर्च मी लिहितो. पेशा कारकुनाचा, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे असली कामे आपोआप माझ्याकडे येतात. या गटाने बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेतली. दिवाळीनंतर उसाच्या फेऱ्या, मृगाआधी थोडी नांगरट, बाकीचे महिने ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभा.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये विम्याची मुदत संपली. बैठकीत कोणीतरी म्हणाले, "गाडी उभीच आहे, आताच कशाला पैसे घालायचे? हंगाम लागला की भरू." सर्वांना पटले. मलाही पटले. हंगाम लागला तेव्हा घाईत कोणालाच आठवण राहिली नाही. पहिल्याच आठवड्यात वळणावर ट्रॉलीचा धक्का एका सायकलवाल्याला लागला आणि त्याचा पाय मोडला. तोही आपल्यासारखाच रोजंदारीवरचा माणूस. दुसऱ्या दिवशी गटाने धावपळ करून विमा उतरवला. पण विमा आदल्या दिवसाच्या अपघाताला लागू होत नाही. कागदावर जी तारीख आणि वेळ लिहिलेली असते, तेव्हापासूनच कंपनीची जबाबदारी सुरू होते. विमा कायदा १९३८ प्रमाणे हप्ता हाती येण्यापूर्वी कंपनी जोखीम घेतच नाही. भरपाईचा बोजा गटावर आला. एका बहिणीने डोरले मोडले. वहीत सगळे रकाने होते, विम्याच्या तारखेचा रकाना मात्र मी ठेवला नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

हंगामापुरते चालणारे वाहन अनेकांकडे असते. उसाची ट्रॉली, आंब्याच्या दिवसांत धावणारा टेम्पो, लग्नसराईतली जीप. गाडी उभी म्हणजे कागदही उभे, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय सार्वजनिक जागी वाहन वापरता येत नाही. मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि 'वापर' म्हणजे केवळ चालवणे नव्हे. १९८७ साली पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटून रस्त्याकडेला पडला. काही तासांनी स्फोट झाला आणि माणसे दगावली. टँकर चालत नव्हता, म्हणून जबाबदारी नाही, असे सांगितले गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. उभे किंवा बंद पडलेले वाहनही वापरात असू शकते, असा निर्णय दिला. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी केलेली ट्रॉली निर्धोक समजू नये.

दुसरी चूक ट्रॉलीची. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा आपोआप निघत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, क्रमांक वेगळा. विम्याच्या कागदावर तिचाही उल्लेख हवा. ट्रॅक्टर भाड्याने वाहतूक करणार असेल तर तसे अर्जात स्पष्ट लिहावे. 'फक्त शेतीकामासाठी' असा विमा घेऊन दुसरे काम केले की कंपनी हात वर करते. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वीटभट्टीच्या मातीचे असेच प्रकरण आले होते. ट्रॅक्टरचा विमा शेतीपुरता होता, ट्रॉलीचा नव्हताच, आणि ट्रॉलीवरचा मजूर पडून जखमी झाला. कंपनी जबाबदार नाही असे ठरले. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे शेवटी भरायचे मालकालाच. मजुरांना ट्रॉलीवर बसवू नये, हेही यातूनच शिकावे.

आता नोंदणी. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यातली किती वर्षे गाडी शेडमध्ये होती, हे कोणी विचारत नाही. नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचा अर्ज मुदतीपूर्वीच करावा. भाड्याच्या टेम्पो-जीपला योग्यता प्रमाणपत्र लागते, तेही हंगामाआधी पाहावे. वाहनाचा कर ठरावीक मुदतीने भरावा लागत असेल आणि गाडी काही महिने बंद ठेवायची असेल, तर परिवहन कार्यालयाला तसे आधी लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. "साहेब, गाडी बंदच होती," असे वर्षाअखेरीस तोंडी सांगून कर माफ होत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर रीतसर वाचवावेत. संपूर्ण विमा असेल आणि गाडी सलग दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर विमा कार्यालयात आधी जाऊन विचारावे की उभ्या काळापुरती सवलत मिळेल का, आणि आग-चोरीचे संरक्षण चालू राहील का. सवलत घेतली तर त्या काळात गाडी रस्त्यावर अजिबात काढू नये. संपूर्ण विमा संपून ९० दिवस उलटले तर दावा न केल्याबद्दलची साठलेली सूटही जाते. म्हणजे वाचवायला गेलो आणि गमावून बसलो!

आमच्या गटाने आता वहीच्या पहिल्या पानावर चार तारखा लिहिल्या आहेत. ट्रॅक्टरचा विमा, ट्रॉलीचा विमा, नोंदणीची मुदत, चालकाच्या लायसनची मुदत. दर महिन्याच्या बैठकीत त्या मोठ्याने वाचतात. वाचण्याचे काम त्याच बहिणीने मागून घेतले. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, अडखळत वाचते, पण एकही तारीख सोडत नाही.

ज्यांच्या दारात असे वाहन उभे आहे, त्यांनी आज संध्याकाळी कागदांची पिशवी काढावी आणि चारही तारखा पाहाव्यात. एखादी उलटून गेली असेल, तर ती भरेपर्यंत गाडीची किल्ली खुंटीलाच राहू द्यावी.